मडके दाखवले जाते, व्यवस्था लपवली जाते

9 मे 1916 रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये 25 वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. आपल्यापैकी अनेकांनी तो वाचला आहे. सजातीय विवाहाच्या मुद्द्यावर आपण अभ्यासवर्गात तासन्‌तास बोलतो. परंतु निबंधाच्या सुरुवातीकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. तिथे बाबासाहेब प्रदर्शनांबद्दल बोलतात. मानवी संस्कृतीतल्या वस्तूंची प्रदर्शने पुष्कळांनी पाहिलेली असतात, पण मानवी संस्थांचेही प्रदर्शन मांडता येते हे फार थोड्यांना सुचते, असा त्यांचा मुद्दा आहे. आणि लगेच ते जात नावाची संस्था श्रोत्यांपुढे मांडून ठेवतात.

गेले वर्षभर आम्ही अमेरिकेतल्या प्युब्लो आदिवासींच्या मातीकामाबद्दल मिळेल ते वाचतो आहोत, फोटो आणि व्हिडिओ पाहतो आहोत. ‘चळवळीचे सोडून मडक्यांच्या मागे कुठे लागलात?’ असे काही कार्यकर्त्यांनी विचारले. त्यांना उत्तर म्हणून हा लेख. 1916 च्या त्या निबंधातला मुद्दा या कुंभारणींनी आणि कुंभारांनी मातीत करून दाखवला आहे, असे आमचे मत आहे.

बाबासाहेब न्यूयॉर्कमध्ये होते तेव्हा अमेरिकन संग्रहालये आदिवासींच्या घरांतून आणलेल्या वस्तूंनी भरलेली होती. 1879 मध्ये स्मिथसोनियन संस्थेने जेम्स स्टीव्हन्सन यांच्या नेतृत्वाखाली नैऋत्येकडे मोहीम पाठवली. न्यू मेक्सिको आणि अॅरिझोनातल्या प्युब्लो गावांतून त्या आणि नंतरच्या मोहिमांनी हजारो वस्तू उचलून वॉशिंग्टनला नेल्या. त्यात पाण्याचे रांजण होते, वाडगे होते, विधीची भांडीही होती. भांड्यावर क्रमांक पडला, गावाचे नाव पडले. घडवणाऱ्या बाईचे नाव बहुतेक वेळा पडलेच नाही. हे लोक आता संपणार, तेव्हा संपण्याआधी त्यांच्या वस्तू गोळा करून ठेवू, असा तो हिशोब होता. आणि नेमके त्याच 1879 साली पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल येथे आदिवासी मुलांसाठी सरकारी निवासी शाळा सुरू झाली. तिथे मुलांचे केस कापले जात, नावे बदलली जात, मातृभाषेत बोलले की शिक्षा होई. पुढे 1883 मध्ये आदिवासींच्या नृत्यांवर आणि विधींवर बंदी घालणारे नियम आले. भांडे काचेआड जपायचे आणि भांडे घडवणारीचे मूल मोडायचे, ही दोन्ही कामे एकाच सरकारची.

जोतिराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. ती अमेरिका खरी होती आणि कार्लाइलची अमेरिकाही खरी होती.

आम्ही समाजशास्त्रात एम.ए. केले तेव्हा रूथ बेनेडिक्ट यांचे 1934 चे ‘पॅटर्न्स ऑफ कल्चर’ अभ्यासाला होते. त्यात प्युब्लोंपैकी झुनी हे शांत, संयमी, टोकाला न जाणारे लोक म्हणून येतात. आमच्या नोट्समध्ये तेवढेच होते आणि परीक्षेत तेवढ्यावर गुण मिळाले. याच शांत लोकांनी 1680 मध्ये स्पेनच्या सत्तेला हाकलून लावले होते, हे आम्हाला एम.ए. झाल्यावर कित्येक वर्षांनी, एका मातीच्या मूर्तीच्या फोटोमुळे कळले.

तो इतिहास थोडक्यात सांगणे भाग आहे. 1598 मध्ये हुआन दे ओन्याते याने प्युब्लो प्रदेशात स्पॅनिश वसाहत उभी केली. धान्य आणि कापड सक्तीने वसूल होऊ लागले. अकोमा गावाने विरोध केला. 1599 च्या जानेवारीत ते गाव उद्ध्वस्त करण्यात आले, शेकडो माणसे मारली गेली आणि 25 वर्षांवरील कैदी पुरुषांना एक पाऊल तोडण्याची व 20 वर्षे गुलामीची शिक्षा फर्मावली गेली. (1998 मध्ये न्यू मेक्सिकोतल्या ओन्यातेच्या पुतळ्याचे उजवे पाऊल कुणीतरी रात्रीत करवतीने कापून नेले. 400 वर्षे झाली म्हणून लोक विसरतात असे नाही.) मिशनऱ्यांनी विधीचे मुखवटे जाळले, किव्हा म्हणजे भूमिगत प्रार्थनाघरे बंद पाडली. 1675 मध्ये 47 धर्मप्रमुखांना जादूटोण्याच्या आरोपाखाली पकडून फटके मारले. त्यात पोपे नावाचा एक माणूस होता. सुटून आल्यावर त्याने इतरांबरोबर मिळून बंड रचले. गावे एकमेकांपासून दूर, भाषा वेगवेगळ्या. मग धावपटू गाठी मारलेले दोर घेऊन गावोगाव गेले. रोज एक गाठ सोडायची आणि शेवटची गाठ सुटली की उठायचे. 10 ऑगस्ट 1680 रोजी बंड झाले. 21 पाद्री आणि सुमारे 400 वसाहतवाले मारले गेले, उरलेले सांता फे सोडून दक्षिणेला पळाले. 12 वर्षे तो प्रदेश मुक्त राहिला. 1692 मध्ये स्पॅनिश परत आले.

आता मातीकडे येऊ. प्युब्लो भांडे चाकावर होत नाही. ठरलेल्या जागेची माती खणून आणायची. खणताना मातीला आई म्हणायचे, तिची परवानगी मागायची. मग ती वाळवायची, चाळायची, भिजवायची, तिच्यात ज्वालामुखीची राख नाहीतर जुन्या खापरांची भुकटी मिसळायची. खापरांची भुकटी म्हणजे पणजीच्या फुटलेल्या भांड्याचा अंश पणतीच्या भांड्यात. मातीच्या वळ्या एकावर एक रचून हाताने आकार द्यायचा, नदीतल्या गुळगुळीत दगडाने घोटायचे, रानभाजी उकळून आटवलेल्या रसाने काळी नक्षी काढायची आणि उघड्यावर भाजायचे. भाजायला पुष्कळ ठिकाणी शेण वापरतात. आणि गायी-मेंढ्या त्या प्रदेशात आणल्या स्पॅनिश लोकांनीच. म्हणजे परक्याचा स्पर्श न झालेले शुद्ध भांडे शोधायला निघालेला माणूस आव्यापाशीच अडखळेल. शुद्धतेच्या शोधात निघालेली माणसे आपल्या चांगली परिचयाची आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

मिशनच्या काळात याच बायकांना पाद्र्यांसाठी सूपच्या थाळ्या आणि मेणबत्तीचे खांब घडवावे लागले. पुढे 1880 मध्ये रेल्वे आली आणि रेल्वेबरोबर पर्यटक. पर्यटकाला रांजण नको होता, बॅगेत मावेल अशी ‘इंडियन’ वस्तू हवी होती. टेसुके गावात छोट्या बसलेल्या मूर्ती बनत, व्यापाऱ्यांनी त्या ‘पावसाचा देव’ म्हणून खपवल्या. एका मिठाई कंपनीने तर त्या गोळ्यांच्या डब्याबरोबर भेट म्हणून दिल्या. ज्यांचे खरे विधी सरकारने बंद केले, त्यांच्या नावावर खोटे देव विकून बाजाराने पैसा केला.

पण याच बाजारात कोचिटी गावच्या कुंभारणींनी वेगळाच उद्योग केला. रिओ ग्रांदे नदीकाठचे हे गाव. इथे 1880 नंतर उंच, उभ्या मातीच्या मूर्ती बनू लागल्या. कुणी पाद्री, कुणी टोपीवाला व्यापारी, काउबॉय, सर्कशीतला कसरतपटू, तोंड वासून गाणारी गायिका. रेल्वेने आलेला गोरा माणूस कुंभारणीने निरखून पाहिला आणि मातीत उतरवून त्यालाच विकला. गोऱ्याने ती हौसेने विकत घेतली, घरी नेऊन कपाटात ठेवली. आपली टर उडवली जाते आहे हे त्याच्या लक्षातही आले नाही. संग्राहकांनी या मूर्तींना ‘विचित्र’ ठरवले, अस्सल परंपरेत त्यांना जागा दिली नाही. आमच्या मते त्या बाईचे काम कोणत्याही मानववंशशास्त्रज्ञाच्या तोडीचे होते. ज्याला पाहायला सगळे जग येत होते ती उलट जगाला पाहत होती. फरक एवढाच की तिला कुणी विद्यापीठात निबंध वाचायला बोलावले नाही.

व्हर्जिल ऑर्टिझ हा त्याच कोचिटीचा, 1969 साली जन्मलेला. आई आणि आजी दोघी नावाजलेल्या कुंभारणी. त्याने या जुन्या मूर्तींचा वारसा उचलला आणि 1680 चे बंड मातीत मांडायला घेतले. त्याच्या मालिकेचे नाव ‘रिव्होल्ट 1680/2180’. बंडाला 500 वर्षे होतील तेव्हा, म्हणजे 2180 मध्ये, प्युब्लो पुन्हा उठतात अशी त्याची कथा आहे. पोपे आहे, धावपटू आहेत, टाहू नावाची आंधळ्या तिरंदाजांची नायिका आहे, आणि समोर कॅस्टिलियन म्हणजे स्पॅनिश आक्रमक. पात्रांचे पोशाख विज्ञानपटांतले, अंगावरची नक्षी मात्र कोचिटीची. शाळेच्या पुस्तकात हे बंड येत नाही, मग पोरांना आवडेल अशा रूपात ते सांगू, असा त्याचा हेतू तो मुलाखतींत सांगत आला आहे. दुसरा एक कोचिटी कलाकार डिएगो रोमेरो कॉमिक्सच्या शैलीत वाडग्यांवर चित्रे काढतो. त्याचे आंबाडेवाले ‘चाँगो बंधू’ जुन्या मिम्ब्रेस भांड्यांवरच्या आकृत्यांसारखे दिसतात आणि मोटारीतून फिरतात.

रविवारच्या वर्गात विहाराच्या भिंतीवर प्रोजेक्टरने आम्ही हे फोटो दाखवले. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी म्हणाली, ‘दादा, हे सगळं भारी आहे, पण ह्या मूर्ती घेतं कोण? गोरे श्रीमंतच ना?’ प्रश्न बरोबर होता. ऑर्टिझच्या मूर्ती संग्राहक विकत घेतात, संग्रहालये घेतात, 2003 मध्ये डॉना करन या फॅशनवाल्या बाईंनी त्याची नक्षी कापडावर घेतली. बंड शोकेसमध्ये गेले की ते बंड उरते का? आमचे उत्तर असे की शोकेसमध्ये काय गेले ते पाहावे लागेल. रांजण गेला तेव्हा त्याने पाहणाऱ्याला काही विचारले नाही. टाहू गेली तर पाहणाऱ्याला आधी विचारावे लागते की हिचे डोळे कुणी काढले. या उत्तराने त्या मुलीचे पूर्ण समाधान झाले नाही, आणि ते बरेच झाले. कोचिटीच्या डोक्यावर धरण आहे, 1970 च्या दशकात पूर्ण झालेले. त्याच्या झिरपणाऱ्या पाण्याने गावाची शेते वर्षानुवर्षे चिबड झाली. मूर्ती विकून शेत सुकत नाही.

इथे एक वाद ओढवून घ्यायचा आहे. सध्या आपल्याकडे ‘डिकॉलोनायझेशन’ हा शब्द फार जोरात आहे. तो कोण वापरतो ते पाहा. जात इंग्रजांनी जनगणनेतून तयार केली, त्याआधी सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते, असे सांगणारे वापरतात. प्युब्लोंच्या बंडाचे उदाहरणही उद्या ते देतील, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. 1680 मध्ये उठली ती वेठ भरणारी, फटके खाणारी, पाऊल तोडलेल्यांची नातवंडे होती. ज्यांच्याकडे वतने, अग्रहारे आणि पोथ्या होत्या अशांनी 1818 मध्ये सत्ता गेली म्हणून गळा काढणे आणि पोपेचे बंड, या दोन गोष्टी एका तराजूत येत नाहीत. याचा अर्थ इंग्रज आपले उद्धारकर्ते होते असाही नाही. भीमा कोरेगावला लढलेल्या महारांची भरती त्यांनीच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद केली, आणि 1871 पासूनच्या कायद्यांनी पारधी-कैकाड्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. पण आमच्या छातीवर इंग्रजाच्या आधीपासून कोण बसले होते, हे आम्ही विसरावे ही अपेक्षा कुणी ठेवू नये.

आपल्या बाजूनेही एक सावधगिरी हवी. आपल्यातले काही ‘मूलनिवासी’ हा शब्द ऐकला की प्युब्लो म्हणजे आपलेच भाऊबंद म्हणून मोकळे होतात. भाऊबंद जरूर म्हणावे, दलित पँथरनेही 1972 मध्ये नाव अमेरिकेतल्या काळ्या पँथरांकडून घेतले होते. पण वंशाच्या आधाराने नको. आर्य बाहेरून आले आणि त्यांनी इथल्यांना शूद्र केले, हा वंशसिद्धांत बाबासाहेबांनी 1946 च्या ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ मध्ये स्वच्छ नाकारला आहे. आपले नाते पद्धतीचे आहे. त्यांनी दाबणाऱ्या संस्थेला चेहरा दिला, तो आपणही देऊ शकतो का, एवढाच प्रश्न आहे.

आणि त्यासाठी माती आपल्याकडे पुष्कळ आहे. पेशवाईच्या पुण्यात अस्पृश्याला थुंकण्यासाठी गळ्यात मडके बांधून फिरावे लागे, हे बाबासाहेबांनी ‘जातिनिर्मूलना’त नोंदवले आहे. 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आपण प्यायलो. त्यानंतर सनातन्यांनी तळे ‘शुद्ध’ केले ते 108 मातीच्या घागरींनी, दही, दूध, शेण आणि गोमूत्र घालून. तांब्या-पितळेचे भांडे विटाळले तर राखेने घासून किंवा विस्तवातून काढून पुन्हा घेता येई, मातीचे मात्र फोडूनच टाकावे लागे. धर्मशास्त्राने मातीला सगळ्यात जास्त विटाळ धरणारी ठरवले होते. आणि शेवटी चिनीमातीची ती कपबशी, गावोगावच्या वाड्यांच्या वळचणीला आपल्या माणसांसाठी वेगळी ठेवलेली. स्वतःच धुवायची आणि स्वतःच परत खोचून ठेवायची. आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी ती डोळ्यांनी पाहिली आहे.

यातले एकही मडके कोणत्याही हस्तकला मेळाव्यात दिसणार नाही. मागे शहरातल्या एका मेळाव्यात आम्ही गेलो होतो. कुंभाराच्या स्टॉलवर ‘युगानुयुगांची परंपरा’ असा फलक होता. प्रायोजकांची नावे मोठ्या अक्षरात होती, कुंभाराचे नाव नव्हते. विचारले तर तो म्हणाला, ‘नाव कशाला साहेब, माल बघा की.’ बलुतेदारीत त्याला वर्षाकाठी किती पायली मिळत आणि मडके घ्यायला आलेल्या महारणीने कुठे उभे राहायचे, हेही त्या परंपरेत होते. फलकावर ते मावले नसावे.

याच्या उलट उदाहरण न्यूयॉर्कमध्येच घडले. ‘ग्राउंडेड इन क्ले’ हे प्युब्लो भांड्यांचे प्रदर्शन 2022 मध्ये सांता फे येथे सुरू झाले आणि जुलै 2023 मध्ये मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आले. भांडी कोणती मांडायची हे संग्रहालयातल्या तज्ज्ञांनी ठरवले नाही. 60 हून अधिक प्युब्लो माणसांनी एकेक-दोन दोन भांडी निवडली आणि प्रत्येकाने आपल्या भांड्याजवळची चिठ्ठी स्वतः लिहिली. कुणी कुंभार, कुणी कवी, कुणी गावचा पुढारी. कुणी आजीची आठवण लिहिली, तर कुणी हे भांडे इथे असायलाच नको होते असा सूर लावला. मेटच्या इतिहासात आदिवासी समाजाने स्वतः मांडलेले हे पहिले प्रदर्शन. बाबासाहेब ज्या शहरात शिकले तिथे हे व्हायला आणखी 107 वर्षे लागली.

आणखी एका कामाचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. चनूपा हान्स्का लूगर हा स्टँडिंग रॉक येथे जन्मलेला कलाकार. अमेरिका-कॅनडातल्या बेपत्ता आणि खून झालेल्या आदिवासी स्त्रिया, मुली आणि तृतीयपंथीयांचे आकडे अहवालांत येतात आणि तिथेच राहतात. 2018 मध्ये त्याने लोकांना आवाहन केले की प्रत्येकाने मातीचे मणी करून पाठवावेत, एक मणी म्हणजे एक माणूस. 4,000 हून अधिक मणी आले. ते ओवून त्याने एका आदिवासी स्त्रीचा भव्य चेहरा उभा केला, ‘एव्हरी वन’ नावाचा. जवळ गेले की नुसते मणी दिसतात, लांब गेले की ती तुमच्याकडे पाहते. अॅट्रॉसिटीच्या केसेसचे कागद घेऊन आम्ही कचेऱ्यांचे उंबरठे झिजवतो तेव्हा तिथेही आकडाच विचारतात, माणूस विचारत नाहीत. खैरलांजीनंतर किती मणी झाले असते, हा विचार येतो.

येत्या 14 एप्रिलला विहारात पोरे एक टेबल मांडणार आहेत. वस्तू घराघरांतून येत आहेत, चिठ्ठ्या ज्याच्या त्याने लिहायच्या. वस्तीतल्या एका आजीने गावाकडून ती कपबशी मागवून घेतली, कान तुटलेली. कान मुद्दाम तोडलेला, ती सांगते, म्हणजे वाड्यातल्या कुणी चुकून उचलू नये. चिठ्ठी तिच्या नातवाने लिहिली आहे. गाव, वर्ष, कुणी किती वर्षे त्यातून चहा प्यायला, सगळे आहे. वाड्याच्या मालकाचे नाव लिहायचे की नाही यावर गेले दोन रविवार वाद चालू आहे. नातू म्हणतो लिहायचेच, त्याशिवाय व्यवस्था दिसणार कशी. त्याच्या वडिलांची चार गुंठे जमीन अजून गावात आहे, पाणी मालकाच्या विहिरीवरून येते, ते नको म्हणतात. आजी काही बोलत नाही. चिठ्ठीवर त्या जागी सध्या एक ओळ मोकळी सोडली आहे.